गालाखालचा आवाज

६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राबरोबर माझी एअर रायफल पाठवते आहे. माल नेणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर तुझ्या दुकानावरूनच जातो. पेटी उभी ठेवू नकोस असं त्याला बजावलं आहे, तरी तो ठेवीलच.

काम असं आहे. स्प्रिंग वाजते. छर्रा सुटला की गालाशी टण्ण असा आवाज होतो आणि बराच वेळ कवटीत घुमत राहतो. धक्काही खांद्याला नको तेवढा बसतो. आवाज पूर्ण काढ आणि धक्का जितका कमी करता येईल तितका कर. मला काही ऐकू यायला नको आणि काही जाणवायलाही नको. एरवी तू माझं ऐकत नाहीस, पण या वेळी ऐक.

एप्रिलच्या शेवटी क्लबच्या संघाची निवड आहे. चौघांनाच घेतात, हे तुला माहीत आहे. हे गेल्यापासून रविवारचा सराव सोडला तर मी सहसा घराबाहेर पडत नाही. संघात राहिले नाही तर पडायचं कारणही उरणार नाही. मग रायफल क्लबला देऊन टाकीन आणि तो विषय संपवीन. कुणाची कीव नको आहे, म्हणून आधीच सांगते.

बाकी सगळं ठीक. नोव्हेंबरात तू येऊन गेलीस, त्यानंतर सांगण्यासारखं काही घडलं नाही. मागच्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानातून फोन आला की यांचा नवा चष्मा कधीचा तयार होऊन पडला आहे. जाऊन घेऊन आले. दुकानदाराने नंतर पुन्हा फोन करून विचारलं की नंबर नीट बसला का. मी हो म्हटलं. तुला वाटेल की मला रडू आलं असेल. नाही आलं. घरी येऊन चष्मा ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कपडे वाळत घातले.

शेजारीपाजारी सगळे माझ्याशी हळू बोलतात, जणू मी झोपलेली आहे आणि जागी व्हायला नको.

तुझ्या गुडघ्याचं काय? लोभ आहेच. तो आहे हे मला ठाऊक आहे, एवढंच लिहिते.

तुझी,
बारकी

•

२० फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. उ. आ.

पेटी उभीच आली. ड्रायव्हरला दोन शब्द सुनावले. त्यावर तो म्हणाला की तिकडच्या बाईंनीही हेच शब्द याच क्रमाने सुनावले होते, तेव्हा हे घराण्यातच असावं. मी त्याला पाणी दिलं.

रायफल उघडली. स्प्रिंगच्या पोटात तिला सरळ धरणारा एक दांडा असतो, तो झिजून सैल झाला होता. ट्रिगर ओढला की स्प्रिंग त्याच्यावर आपटत होती, रिकाम्या बरणीत चमचा हलवावा तशी. लेथवर कडक प्लास्टिकचा नवा दांडा काढला, हाताने दाबून बसवावा लागेल इतका घट्ट. स्प्रिंगची दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत केली आणि मागे एक वॉशर टाकली. एवढ्यावरच आवाज गेला होता. कुणी दुसऱ्याने आणली असती तर इथेच थांबले असते.

पण तू लिहिलंस म्हणून चिकट ग्रीस भरपूर थापलं आणि स्प्रिंगवरचा ताणही उतरवला. आता धक्का नाही, आवाज नाही, काही नाही. मागच्या अंगणात मारून पाहिली. उशीत बोट खुपसावं तसं वाटलं. मला आवडली नाही. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधीच स्प्रिंगची रायफल हलते. म्हणून तर ती सैल हाताने, दर वेळी सारखीच धरायची. ती हलली हे नेमबाजाला कळलंच नाही तर तो सुधारणार काय? लग्नानंतर तुझ्या मास्तरांना तू नेमबाजी शिकवायला निघाली होतीस तेव्हा हेच सांगायचीस. त्या गृहस्थाचं डोकं भूगोलात, त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. तुला कळायला हवं.

चष्म्याबद्दल वाचलं. पदवी पदार्थविज्ञानाची घेतली, त्यात हे नव्हतं.

जेवतेस का? उभ्याने की बसून? ओट्याशी उभं राहून पातेल्यातून खाणं याला जेवण म्हणत नाहीत. गुडघा माझ्यासारखाच आहे, कुरकुरतो पण कामावर येतो.

रागावले तरी लोभ तेवढाच आहे.

ताई

•

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रायफल छान झाली होती. पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. ट्रिगर ओढायचा आणि काही घडायचं नाही. समोरच्या कागदाला भोक पडलेलं असायचं, ते दुसऱ्या कुणीतरी पाडल्यासारखं.

पण गुण घसरले आहेत. आमच्या क्लबची रीत तुला आठवत असेल. दुर्बिणीतून बघण्याआधी छर्रा कुठे गेला ते मोठ्याने सांगायचं, मग बघायचं. मी दर वेळी मध्यात असंच सांगते, कारण मला वेगळं काही वाटतच नाही. मग बघते तर कधी वर, कधी डावीकडे. गेल्या रविवारी कॅप्टनने (लांब मानेमुळे ज्याला आम्ही उंट म्हणतो तोच) अगदी हळू आवाजात विचारलं की हवं तर यंदा विश्रांती घेणार का. विचार करून सांगते म्हटलं. विचार काही केला नाही.

आणि आवाज पूर्ण गेलेला नाही. अजून गालाखाली बारीक गुणगुण येते. उंटाला शेजारी उभं करून ऐकायला लावलं, त्याला काही ऐकू आलं नाही. मग त्याने स्वतः दहा-बारा छर्रे मारले, तरीही नाही. म्हणाला की रायफल गप्प आहे, मीच थकले असेन. मी त्याच्याशी वाद घातला नाही. आजकाल घालत नाही.

रायफल पुन्हा पाठवते आहे. आणखी ग्रीस भर, किंवा दांडा आणखी घट्ट कर. उरलासुरला आवाजही जाऊ दे.

बसून जेवते. काय जेवले ते मात्र विचारू नकोस, लक्षात राहत नाही.

तुझा लोभ असतो तसाच असू दे.

बारकी

•

२२ मार्च

चि. बारकीस,
अ. उ. आ.

आणखी ग्रीस भरणार नाही. पत्र शेवटपर्यंत वाच, मग चिडायचं असेल तर चीड.

पेटी उघडली आणि आतल्या भागाला हात लावायच्या आधी लाकूड पाहिलं. ते मी फेब्रुवारीतच पाहायला हवं होतं. दस्त्यावर जिथे गाल टेकतो तिथलं पॉलिश उडालं आहे. नुसतं गाल टेकून आठ वर्षांतही ते उडालं नसतं. गेल्या वर्षी मीच तिथे नवा हात दिला होता, म्हणून सांगते. तू गाल टेकत नाहीस. तू डोकं ठेवतेस. अख्ख्या डोक्याचा भार त्या लाकडावर टाकतेस. गालाचं हाड लाकडावर दाबलं की स्प्रिंगची बारीकशी थरथरही हाडातून थेट कानात जाते. म्हणून तुला ऐकू येतं आणि उंटाला येत नाही. तो मान ताठ ठेवून मारतो, मान केवढी आहे ते तुला माहीतच आहे.

भार आज जास्त, उद्या कमी, म्हणून छर्रे कधी वर आणि कधी डावीकडे. यात रायफलीचा दोष नाही. सांगितलंस ते करून टाकलं, तुला एकदाही मारताना बघितलं नाही, हा माझा दोष. गिऱ्हाईक म्हणेल ते ऐकायचं नसतं हे मी इतरांना शिकवते.

आता स्पष्ट लिहिते. नोव्हेंबरपासून तू त्या बंदुकीची उशी केली आहेस. दमली आहेस, डोकं टेकायला जागा हवी, हे मला समजतं. त्यासाठी माझ्याकडे ये, खोली रिकामी आहे, पलंग आहे, पांघरूण आहे. रायफल त्यासाठी नाही.

सगळं ग्रीस धुऊन काढलं. आता स्प्रिंगला हलक्या तेलाचं एक बोट, एवढंच. ताण पूर्वीसारखा केला आहे. नवा दांडा राहू दिला, त्यामुळे पहिल्यासारखी टणटणणार नाही, पण बोलेल. धक्का खांद्याला बसेल, बसू दे. दस्त्यावरची गाल टेकायची पट्टी बोटभर उंच केली आहे, म्हणजे डोकं खाली घालायला जागाच राहणार नाही. मान दुखेल. दुखली की कळव, मला आनंद होईल.

उंटाला विश्रांतीबद्दल काही कळवू नकोस. निवडीला जा. हरलीस तर हर, पण छर्रा कुठे गेला ते ओळखून हर.

तुझ्यावर माझा लोभ आहे, आणि त्याला स्वस्त समजू नकोस.

ताई

•

३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी निकाल. पाचवी आले. संघात नाही.

मधल्या महिन्यात पत्र पाठवलं नाही, कारण मान दुखत होती आणि ते कळवून तुला आनंद द्यायचा नव्हता. पहिले दोन आठवडे फार वाईट गेले. धक्का बसला की दचकत होते, नवशिक्या पोरीसारखी. मग हळूहळू सैल धरता यायला लागलं. एका रविवारी मी डावीकडे असं म्हटलं आणि छर्रा डावीकडे होता. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. मलाही फारसं वाटलं नाही, पण नोंद घेतली.

निवडीच्या दिवशी शेवटच्या छऱ्यापर्यंत मी चौथी होते. शेवटचा सुटला तेव्हा खांद्याला जो हिसका बसला तो नेहमीचा नव्हता. उजव्या हाताने मी मूठ आवळली होती. दुर्बिणीकडे न बघता मी म्हटलं की उजवीकडे, खाली, आणि मी संघातून गेले. तसंच होतं.

उंट जवळ आला आणि नेहमीच्या त्या मऊ आवाजात म्हणाला की परिस्थिती पाहता मी फारच छान केलं. ताई, मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं की परिस्थिती बिरिस्थिती काही नाही, मूठ आवळली म्हणून हरले, आणि माझ्याशी माणसासारखं मोठ्याने बोल, मी आजारी नाही. तो दोन पावलं मागे सरला. मग खरंच मोठ्याने म्हणाला की तुझी पकड भिकार होती. मी म्हटलं, होती.

पेटी गाडीत ठेवली आणि चालवायला बसले. गाडी नेहमी हेच चालवायचे, त्यांचे पाय लांब, सीट पार मागे. इतके महिने मी त्याच सीटच्या कडेला बसून, पायाची बोटं ताणून ब्रेक दाबत होते. ती पुढे ओढता येते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दिवशी पाय पोचेना आणि मला यांचा राग आला. काय ही बसायची पद्धत, सगळी जागा आपली, आणि मग निघून जायचं, बायकोचे पाय पोचतात की नाही ते न बघता. बराच वेळ गाडीतच बसून त्यांना बोलत होते. जे तोंडाला येईल ते. उंट लांबून बघत होता, पण जवळ आला नाही. शहाणा आहे.

मग सीट पुढे ओढली आणि घरी आले.

राग अजून आहे. कमी होतो, पुन्हा येतो. तो काढून टाकायचा उपाय मी तुला विचारत नाही आणि तूही सुचवू नकोस.

रायफल क्लबला देत नाही. पुढची निवड ऑक्टोबरात आहे. जूनमध्ये आठ दिवस तुझ्याकडे येते, मूठ का आवळली जाते ते शेजारी उभी राहून बघ. स्प्रिंगला मात्र हात लावायचा नाही.

लोभ असू दे, आणि बोलायचं ते मोठ्याने बोल.

तुझी,
बारकी