दोघींची बोट

७ फेब्रुवारी

आज धक्क्यावर कोच म्हणाले, "हिचे गुडघे हनुवटीला टेकायला लागले. ही बोट आता पुरे झाली." खरंच आहे. पंधरा वर्षांची लेक त्या एकटीच्या चिमुकल्या शिडाच्या बोटीत सुटकेसमध्ये कोंबल्यासारखी दिसते. दोघांची बोट बघा, म्हणाले. शर्यतीतली.

"मग मी बसते तिच्याबरोबर!" — तोंडातून निघूनच गेलं. मागच्या वर्षी मोठ्यांच्या वर्गात शिकलेय मी थोडंफार. किती दिवस नुसता टॉवेल धरून काठावर उभं राहायचं?

लेकीनं वळून पाहिलं. "तू?" मग जरा थांबून, "चालेल की."

चालेल की! मला तेवढं पुष्कळ.

९ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. "घ्या बोट. फक्त मला तीत बसवू नका." त्याला झोपाळ्यावरही मळमळतं. नवीकोरी परवडणार नाही हे दोघांनीही न बोलताच ठरवलं. जुनी घ्यायची, पण हिंडायला नको, शर्यतीची हवी. आणि आपल्या तलावावर धावतात त्याच जातीची — नाहीतर शर्यत कुणाशी लावणार? स्वतःच्या सावलीशी?

जेवताना लेकीला विचारलं, काय वाटतं?

"मावशीला विचारलंय मी."

कधी विचारलं? मी परवा सांगितलं आणि आज मावशीला कळलंसुद्धा!

१५ फेब्रुवारी

माझी धाकटी बहीण आली. आली म्हणजे काय, अवतरली. उन्हानं रापलेली, ओले केस, जुनं फाटकं जाकीट — आणि त्यातही अशी दिसते की धक्क्यावरची माणसं बोलता बोलता थांबतात. तिच्या घरी कपांचं एक अख्खं कपाट आहे. माझ्या घरी तिचे फोटो आहेत.

मी एक बोट हेरून ठेवली होती. निळी, देखणी, किंमतही आवाक्यातली. धाकटीनं डोलकाठीच्या बुडाशी अंगठा दाबला. बोट दबली! शिळ्या पावासारखी. "ताई, आतून कुजलीय गं ही." मग एक बाजू उचलून हलवली. आत पाणी डुचमळलं. शीड चिमटीत धरून म्हणाली, "हे तर फडकं झालंय. शिडाचा कसा कागदासारखा आवाज यायला हवा."

सगळं बरोबर. एकेक शब्द बरोबर. म्हणूनच तर अंगाचा तिळपापड झाला.

लेक तिच्याकडे बघत होती. तशी ती माझ्याकडे कधी बघते? आठवून पाहिलं. लहानपणी तिचा पडलेला दात मी सोन्याच्या रंगाने रंगवून दिला होता, तेव्हा.

१६ फेब्रुवारी

"मावशी म्हणते, दोघींचं मिळून वजन बघायचं. मावशी म्हणते, आपण जड पडू. मावशी म्हणते, प्लास्टिकची घेतली तर आपटली तरी फुटत नाही, पण हलतही नाही."

मावशी म्हणते, मावशी म्हणते. या घरात एक आई पण राहते!

आणि "जड" हा शब्द. तो मला नवीन नाही. बाबांकडेही बोट होती, दोघांची. त्यांनी एकदा आम्हां दोघींना काठावर शेजारी शेजारी उभं केलं, पाहिलं आणि म्हणाले, "धाकटी येईल. थोरली जड आहे." झालं, संपलं. पुढची सगळी वर्षं ते दोघं पाण्यात आणि मी काठावर, दोघांच्या चपला सांभाळत.

कशाला लिहितेय हे. बोटीचं लिहायचं होतं.

२२ फेब्रुवारी

मिळाली! आणि मीच शोधली, एकटीनं!

एका निवृत्त मुख्याध्यापकांची. गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली होती. पांढरी, कडेला खरचटलेली, आपल्या तलावावरच्याच जातीची. अंगठा सगळीकडे दाबून पाहिला. कुठे दबली नाही. पण तेवढ्यावर माझं समाधान होईना. मग पर्समधून कामाची सळई काढली, तिच्या मुठीनं बोट ठोकत गेले. दिवसभर लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात करते मी. कवळीत बुडबुडा राहिला तर ठोकल्यावर आवाज बदलतो, तो या कानांना कळतो. एकाच जागी पोकळ वाजली, मागच्या कोपऱ्यात, हाताच्या तळव्याएवढी. मुख्याध्यापक म्हणाले, "अहो बाई, मला बावीस वर्षांत हे माहीत नव्हतं!" आणि स्वतःहून किंमत उतरवली.

ती पोकळी मी स्वतः भरणार. रेझिन माझ्या हातातलं काम आहे.

लेकीनं बोटीभोवती फेरी मारली. "भारी आहे, आई." मग फोटो काढला. कुणाला पाठवला ते विचारलं नाही.

८ मार्च

पहिली शर्यत. शेवटून पहिल्या.

लेक सुकाणूवर, मी पुढे. वारा मागून आला, ती ओरडली, "वाक!" मी म्हटलं, "काय?" — आणि शिडाची आडवी काठी माझ्या कानावर. पुढचं सगळं पाण्याखालून. वर आले तर लेक उलट्या बोटीवर चढून बसलेली, मला हात देत होती. हसली नाही. रागावलीही नाही. घरी येताना म्हणाली, "होतं गं सुरुवातीला."

इतकं समजूतदार बोलली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

२२ मार्च

लॅबमध्ये काम तुंबलंय. रविवारीही जावं लागलं. लेकीला म्हटलं, एक शर्यत बुडव.

संध्याकाळी प्लास्टर धुऊन फोन बघितला. फोटो आलेला. माझी बोट, माझी! सुकाणूवर लेक, आणि पुढे, माझ्या जागी, दोरीला लटकून पाण्यावर आडवी झालेली धाकटी. दोघी तोंड फाडून हसतायत. खाली लिहिलंय, "दुसऱ्या आलो!!!"

अंगठा दाखवून उत्तर दिलं. मग एका बाईंची कवळी घासत बसले, इतकी घासली की नवीन करावी लागणार.

२३ मार्च

ती पोकळी मी भरली होती. तीन वेळा घासून. हात लावला तर कळत नाही कुठे होती. आणि त्याच बोटीवर उभी राहून धाकटी हसतेय.

२८ मार्च

उद्याही लॅब. उद्याही धाकटी "सहज" येणार आहे म्हणे.

दुपारी क्लबवर गेले. कुणी नव्हतं. बोटीचं सुकाणू काढलं, चादरीत गुंडाळलं आणि गाडीत टाकलं. लॅबमध्ये प्लास्टरच्या गोण्यांमागे उभं केलंय.

काय करतेय मी? माहीत आहे मला काय करतेय. पण परत नेऊन लावलं नाही.

२९ मार्च

शर्यत झाली नाही. म्हणजे बाकीच्यांची झाली.

क्लबनं सगळी शेड उलथीपालथी केली. कोचनी दुसऱ्या मुलांना दटावलं. लेक डबा द्यायला लॅबमध्ये आली, डोळे सुजलेले. डबा ठेवायला जागा शोधली, गोणी सरकवली.

चादर तिच्याच पलंगावरची होती.

मला वाटलं आता आदळआपट होईल. ती टेबलावरच्या दातांकडे बघत हळू बोलली. "तुझी शर्यत माझ्यासाठी नाहीच, आई. मावशीशी आहे. तिची पण तुझ्याशी. ती प्रत्येक वळणावर विचारते, ताईला हे जमतं का? मला दोघींच्या मध्ये बसायचं नाहीये."

सुकाणू खांद्यावर टाकून चालत गेली. गाडीत बस म्हटलं, बसली नाही.

५ एप्रिल

लेकीनं कोचकडून क्लबची एकटीची मोठी बोट मागून घेतली. चिमुकली बोट पुरेनाशी झाली की मुलं तीतच जातात म्हणे. मला सांगितलं नाही. कोचनी सांगितलं. सगळ्यांसमोर त्यांची आणि त्यांनी दटावलेल्या मुलांची माफी मागितली मी. कान तापले होते.

लेकीची पण मागितली. "ठीक आहे" म्हणाली. ठीक नाहीये अजून. दिसतं ना.

आमची बोट ताडपत्रीखाली.

११ एप्रिल

धाकटी लॅबमध्ये आली. न सांगता. स्टुलावर बसली, एक दाढ उचलून उजेडात धरली.

"मला पण काढून टाकलं तिनं," म्हणाली.

मला हसू आलं. तिलाही. मग हसता हसता तिचा चेहराच बदलला. "ताई, बाबा बोटीत मला किती शिव्या द्यायचे, माहितीये तुला? मी एकदा चुकले तर घरी येईपर्यंत माझ्याशी बोलायचे नाहीत. मी रडायचे. आणि काठावर बघावं तर तू! कोरडी, बिस्किटं खात बसलेली. मला तुझा इतका राग यायचा ना!"

माझा? काठावर बसून मी काय काय गिळत होते हे हिला कोण सांगणार? मीच सांगितलं. सगळं. लॅबचा फोन वाजत राहिला, आम्ही उचलला नाही.

जाताना दारात म्हणाली, "त्या बोटीला हवा लागली पाहिजे गं. नाहीतर खरंच कुजेल."

१९ एप्रिल

शर्यत. सुकाणूवर मी, पुढे धाकटी. "वाक!" मी ओरडले, ती वाकली! दुसऱ्या वळणावर लेक तिच्या एकटीच्या बोटीतून आमच्या शेजारून सपकन पुढे गेली, मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

"हिला धरायचंच," धाकटी म्हणाली.

मी म्हटलं, "धरूया."