ग्रहणात न चिरलेलं वांगं

मानवत
दि. १४ सप्टेंबर १९८४

चि. सूर्यभान यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

इकडं आमी सगळे बरे आहोत. तुझ्या कपाशीला बोंडं चांगली लागलीत म्हणं, बरं झालं. खुशाली संपली. आता पुढचं नीट वाच, आन् सगुणालाबी मोठ्यानं वाचून दाखव.

परवा बाजारात तुझी बायको भेटली. पाचवा महिना तिला, आन् अंगाला फवारणीच्या औषधाचा भपकारा! बोटांची सालं निघालेली. म्हणाली, "ह्यांच्या पाठीवर पंप, मी बादलीत औषध कालविते. काडी न्हाई सापडली तर हातानंच." वर हसून सांगती, "वन्सं, काळजी नका करू. ह्यांनी पंचांगात ग्रहणं बघून ठेवलीत. तुमच्यावाणी व्हायला नको म्हणून."

तळपायाची आग मस्तकात गेली माझी. अरे, ग्रहणाला तिला घरात कोंडशील, आन् रोज विषात हात घालायला लावशील? अक्कल गहाण ठेवलीस का?

तशीच इथल्या डॉक्टरीणबाईकडं गेले. माझं लेकरू त्या औषधानंच गेलं का, हे त्यांना छातीठोक सांगता येईना. पण पोटुशीनं औषधाला शिवायचं न्हाई, फवारणीचे कपडेबी धुवायचे न्हाईत, आन् लेकरू पाहिजे असंल तर दिवस जायच्या आधीपासूनच लांब राहायचं, म्हणाल्या. मला कुणी सांगितलं होतं रे?

चार वर्षांखाली मी बाळंतपणाला मायकडं आले. गडी मिळंना. तू म्हणालास, "अक्का, एवढी बादली ढवळ." एवढी एवढी म्हणत बारा दिवस ढवळली. आठव्यात मेलेलं लेकरू झालं. सासू भांडायला आली, तवा तू दाराआड उभा होतास. तुझं लगीन ठरायचं होतं. तुझ्या नावाला बट्टा नको म्हणून मीच बोलले, "माघातल्या ग्रहणात लपून वांगं चिरलं." वांग्याला हातबी लावला नव्हता मी! तवापासून बाया पोटुशीला माझं नाव घेऊन भीती घालतात. घालू दे. पण तुला सगळं ठावं असून तू माझी लबाडी बायकोला खरी म्हणून सांगायलास? लाज न्हाई वाटली?

सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. सगुणाचं गाठोडं बांधून ठेव, बाळंतपण माझ्याकडं होईल. आडवा आलास तर पारावर उभी राहून सगळ्या गावाला खरं सांगीन. बादली तुझी तू ढवळ.

ग्रहणात काहीच न चिरलेली,
तुझी अक्का