भिंगऱ्यांची राखण

॥ श्री ॥

तळवे, पो. नरडाणा
ता. १० ऑक्टोबर १९३४

चि. अभिमन यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल घट बसले आणि संध्याकाळी भिंगऱ्या आल्या. आधी दहाबाराच होत्या. तळ्याला दोन चकरा मारून, पाण्याला चोच लावून काठच्या बोरूच्या बेटात उतरल्या. आज सकाळी पाहते तो स्टेशनच्या तारांवर रांग. आबा गेल्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. त्यांनी मोठ्याने हाक मारून गावाला सांगितले असते. मी नुसती झुलालभाऊंच्या ओट्यावर जाऊन सांगून आले.

राखणीचे काय झाले ते तुला कळवायचे राहिले. पंच बसले होते. तोतारामने फाटा फोडलाच, की राखण बापाकडून लेकाकडे जाते, लेकीकडे नाही, आणि लेक तर जळगावला कचेरीत टोपी सावरत बसला आहे. त्यावर थोरले पंच झुलालभाऊ म्हणाले की पाखरं बठ्ठी आपलीच शेतस, सगळीच आपली, ती काय राखणाऱ्याची जात, बाई की बुवा, विचारतात? हसाहशी झाली. शेवटी ठरले ते असे, की या होळीपर्यंत वच्छलाने राखण करून दाखवावी, मग कायमचे बोलू. तोवर तळ्यावर जाळे नाही, गलोल नाही, बोरूला विळा नाही, आणि दिवेलागणीला बांधावरून गुरे नाहीत. होळीत गवताची मानाची पहिली पेंढी माझ्या हातची पडली की राखण माझी.

तुला हे पोरखेळासारखे वाटेल. पण तू पुरुष आहेस, तुला घर आहे, कचेरी आहे. मी नवऱ्यामागे माहेरी आलेली बाई. घरही आता तुझ्या नावावर. राखण असली तर मी गावाची कोणीतरी, नसली तर भावाच्या दारची. म्हणून यंदा जपून आहे.

भाऊबीजेला ये. मुली किती मोठ्या झाल्या ते पाहायचे आहे. प्रमिलेला आशीर्वाद सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
वच्छलाअक्का


॥ श्री ॥

जळगाव
ता. ११ नोव्हेंबर १९३४

ती. गं. भा. अक्काचे सेवेशी, अभिमनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

भाऊबीजेला येणे झाले नाही, रागावू नकोस. साहेबांचा दौरा निघाला आणि सुटी रद्द झाली. सोबतच्या माणसाकडे लुगडे दिले आहे, रंग प्रमिलेने निवडला, तेव्हा तक्रार तिच्याकडे करावी.

तुझे पत्र दोनदा वाचले. आबा मला मांडीवर घेऊन बांधावर बसत, आणि मी झोपून जात असे. त्यांनी जे सांगितले ते सगळे तू घेतलेस, माझ्या वाट्याला झोप आली. आता मुली विचारतात तर मला सांगता येत नाही. म्हणून तूच लिही. संध्याकाळी भिंगऱ्या कोणत्या अंगाने येतात? किती खाली उतरतात? माणूस जवळ बसला तर चालतो का? शेपटीला ज्या दोन लांब तारा असतात त्या आत्ता दिसतात की पुढे? अगदी बारीकसारीकही लिही, मुलींना वाचून दाखवणार आहे.

राखण तुलाच मिळेल. तोतारामाचे बोलणे मनावर घेऊ नकोस, त्याच्या घरात त्याची म्हैसही त्याचे ऐकत नाही.

इकडे सर्व ठीक. तुझा हात डोक्यावर असावा, एवढेच मागणे.

तुझा,
अभिमन


॥ श्री ॥

तळवे
ता. २ डिसेंबर १९३४

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

लुगडे मिळाले, रंग झकास आहे, प्रमिलेला सांग. त्याहून आनंद तुझ्या प्रश्नांचा झाला. आबांचा लेक शेवटी विचारता झाला. आता ऐक, आणि मुलींनाही ऐकव.

दिवसभर त्या रानात पांगतात. गुरे चरत असली की त्यांच्या पायांशी घिरट्या घालतात, कारण गुरांच्या पायांनी माशा आणि चिलटे उडतात. जमिनीवर बसताना क्वचितच दिसतील. पाय अगदी इवले, चालणे जमतच नाही. पाणीसुद्धा उडता उडताच पितात. पाठ निळीकाळी, कपाळ आणि गळा विटकरी, खाली पांढरे. ज्यांचा गळा फिकट आणि शेपटी आखूड ती यंदाची पिल्ले. घरटे त्या इथे बांधत नाहीत. पुलाखाली मातीची घरटी दिसतात ती दुसऱ्या भिंगऱ्यांची, आबा तेही ओळखून दाखवत. या पाहुण्या. उत्तरेकडून येतात, होळीनंतर उत्तरेला जातात. कुठवर, ते आबांनाही ठाऊक नव्हते.

आल्या तेव्हा पिसे झिजलेली असतात. हिवाळाभर एकेक पीस गळते आणि नवे येते. शेपटीच्या तारा सगळ्यांत शेवटी भरतात. संक्रांत झाली की पाहावे, मग खरी शोभा. सूर्य टेकला की आभाळात धुरासारखा लोट जमतो. नुसता फिरतो, खाली येत नाही. मग एकदम, कोणी मूठ सोडावी तसा, उगवतीकडून बांधाच्या उंबराला वळसा घालून बोरूत कोसळतो. उंबराखाली बसले तर डोक्याला वारा लागतो इतक्या खालून जातात. माणूस हलला नाही तर त्यांना त्याचे काही नाही. पण एकदा भ्याल्या तर ती जागा सोडतात. आबांच्या लहानपणी कोणी जाळे टाकले होते, तर सात वर्षे तळे रिकामे होते म्हणत.

इतके लांब पत्र मी आयुष्यात लिहिले नाही. बोटे दुखली, पण बरे वाटले. मुलींना घेऊन संक्रांतीनंतर ये, उंबराखाली बसवते. ओढ अशीच ठेव.

वच्छलाअक्का


॥ श्री ॥

जळगाव
ता. ३ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

घाईत लिहीत आहे. आमचे इंजिनीअर साहेब येत्या शनिवारी नरडाण्याला उतरणार आहेत. बांध झिरपतो म्हणून गावाने जो अर्ज केला होता तो मी त्यांच्यापुढे ठेवला. बांध स्वतः पाहतो म्हणाले. त्यांना पाखरांचाही नाद आहे. संध्याकाळपर्यंत थांबून भिंगऱ्या पाहतील. सोबत दोन माणसे आणि मोजमापाच्या पेट्या असतील.

मला रजा नाही. तेव्हा माझ्या जागी तूच त्यांचे कर. दूध दे, आणि तू लिहिले होतेस त्या उंबराखाली चांगल्या जागी बसव. गावाला सांग की आमचे पाहुणे आहेत, कोणी गर्दी करू नये. बांध झाला तर राखणीचा प्रश्नच मिटला समज.

तुझा आशीर्वाद या कामी हवा आहे.

अभिमन


॥ श्री ॥

तळवे
ता. १० फेब्रुवारी १९३५

चि. अभिमन यास आशीर्वाद.

काल तुझे साहेब आले. मी लोटाभर दूध दिले, उंबराखाली घोंगडी अंथरली. गाव लांब उभे होते, मीच हात करून त्यांना मागे सारले. साहेबांनी बांधाकडे पाहिलेही नाही. सूर्य टेकला तेव्हा माणसांनी पेट्या उघडल्या. त्यात बंदुका होत्या. मला वाटले त्या प्रवासाला जवळ बाळगतात तशा असतील. मी साहेबांना खुणेने सांगितले की आता वळसा घेतील, हलू नका. अभिमन, मीच सांगितले.

वळसा घेतला आणि तिन्ही बंदुका उडाल्या. पुन्हा भरल्या, पुन्हा उडाल्या. पाखरे माझ्या पदरात पडली. एक जिवंत होते, हातात धरले तर वजनच नव्हते, नुसती छाती धडधडत होती. ते साहेबांच्या माणसाने हसून माझ्याकडून घेतले आणि बोटाने दाबले. कापसात गुंडाळून सगळी पेटीत भरली. साहेब मला सलाम करून गेले. उरलेला लोट अंधार पडेतो वर फिरत राहिला, खाली आला नाही, आणि तापीच्या बाजूला निघून गेला. आज संध्याकाळी तळ्यावर एकही नाही.

तोतारामने भर रस्त्यात विचारले की राखण करायची म्हणजे पाहुण्यांना घोंगडी घालायची का. रविवारी पंच बसणार. आमच्या घराला हे ठाऊक होते का, एवढेच विचारणार आहेत. म्हणून मीही तुला एवढेच विचारते. तुला ठाऊक होते का? जे असेल ते लिही. रविवारच्या आत लिही.

वच्छला


॥ श्री ॥

जळगाव
ता. १३ फेब्रुवारी १९३५

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

तुझे पत्र वाचून जेवण गेले नाही. आबांची शपथ, मला काही ठाऊक नव्हते. पेटीत काय आहे ते कारकुनाला कोण दाखवतो? मला बांधाचे सांगितले, मी बांधाचे लिहिले. मीही फसलो असे समज.

साहेबांना बोलण्याची माझी ताकद नाही, हे तू जाणतेस. पंचांना बिनदिक्कत सांग की आमच्या घराला माहीत नव्हते. आणि पाखरांचे म्हणशील तर हजारोंतली चाळीस-पन्नास गेली, पुढच्या वर्षी पुन्हा येतीलच. जिवाला त्रास करून घेऊ नकोस.

तुझ्या मायेचा धनी,
अभिमन


॥ श्री ॥

जळगाव
ता. १९ फेब्रुवारी १९३५

ती. गं. भा. अक्कांना प्रमिलेचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

लुगड्याचा रंग आवडला हे वाचून किती बरे वाटले. मी म्हटले होते यांना, अक्कांना जांभळा नको, मोरपंखीच घ्या.

तुम्हाला यांनी कळवले असेलच, पण मला राहवत नाही. हे हेडक्लार्क झाले! शेजारच्या सुंदरबाईंना पेढे दिले तर म्हणतात, पेढे नकोत, तुमच्या यांनी कोणता नवस केला तो सांगा. नवस कसला, आमच्या अक्कांची पुण्याई. दसऱ्याला साहेब कचेरीत म्हणाले होते की भिंगऱ्यांचा चांगला नमुना या बाजूला मिळत नाही. हे म्हणाले, माझ्या गावी तळे आहे, मी सोय करतो. तेव्हापासून यांना दुसरा ध्यास नव्हता. तुमचे ते लांब पत्र यांनी साहेबांना इंग्रजीत करून दिले. बारीक छर्रेही स्वतः भुसावळला जाऊन आणले, जाड लागले तर पिसे बिघडतात म्हणे.

साहेबांनी एक भिंगरी पेंढा भरून, काचेच्या पेटीत घालून यांना दिली आहे. फळीवर ठेवली आहे. तारा किती लांब हो! धाकटी तिच्याकडे पाहून घास खाते. तुम्ही आलात की दाखवीन. लवकर या. लेकीसारखी सांभाळून घेता, तशीच सांभाळा.

तुमची,
प्रमिला


॥ श्री ॥

तळवे
ता. २४ फेब्रुवारी १९३५

अभिमन,

तुझे पत्र शनिवारी मिळाले होते. रविवारी पंच बसले. आपल्याकडे तळ्याची शपथ कशी घेतात ते तू विसरला असशील. घोटाभर पाण्यात उभे राहून, ओंजळीत पाणी घेऊन बोलायचे आणि ते पाणी प्यायचे. मी उभी राहिले. म्हटले, आमच्या घराला ठाऊक नव्हते, माझ्या भावाला ठाऊक नव्हते, त्याने आबांची शपथ घेतली आहे. आणि प्यायले. तोतारामनेच पहिल्यांदा टोपी काढली. म्हणाला, बाई, मी वाईट बोललो. झुलालभाऊंनी होळीची वाट न पाहता राखण माझ्या नावाने बोलून टाकली. मी घरी येऊन आबांच्या खाटेपाशी रडले. इतके सुख मला लग्नातही झाले नव्हते.

गुरुवारी प्रमिलेचे पत्र आले.

काल सकाळी झुलालभाऊंकडे गेले आणि सांगितले की मी प्यायले ते पाणी खोटे होते. ते तंबाखू मळू लागले. मग म्हणाले, तुला तर ठाऊक नव्हते, शपथ तुझी खोटी नाही. हे कोणाला कळणार आहे? गप राहा, राखण कर. मी म्हटले, मला कळले ना. संध्याकाळी सगळ्यांसमोर पुन्हा पाण्यात उभी राहिले आणि तुझे नाव घेऊन सांगितले. दसऱ्याचे सांगितले, छर्ऱ्यांचे सांगितले. साहेबाला आपण काही करू शकत नव्हतो, त्याला माफ केले, पंच म्हणाले. तुला नाही. आपल्या घराची पेंढी यापुढे होळीत पडणार नाही. राखण तोतारामकडे गेली. तो नको नको म्हणत होता. रिकामे तळे राखायला कोणाला हवे असते?

बंदुकीचे मी सोसले असते. तू कारकून, तो साहेब, तू नाही म्हणू शकला नाहीस असे मी मला समजावलेही होते. पण ते पत्र मी बोटे दुखेपर्यंत लिहिले ते मुलींना ऐकवशील म्हणून. आणि आबांच्या शपथेवर भरवसा ठेवून मी अख्ख्या गावासमोर ओंजळ प्यायले. तू माझ्याशी खोटे बोलला असतास तर एक वेळ चालले असते. तू माझ्या तोंडून खोटे बोललास.

प्रमिलेवर रागावू नकोस. तुझ्या घरात खरे लिहिणारी ती एकटीच आहे, आणि तिला ते ठाऊकही नाही. तिला काही सांगूही नकोस.

घर तुझे आहे, त्यात आता माझे राहणे होत नाही. जामनेरला माझ्या जाऊबाई भागाबाई एकट्या असतात, त्यांच्याकडे जाते. किल्ली झुलालभाऊंकडे दिली आहे. म्हैस शेजारच्या बन्सीलालच्या घरी सोडली, ती त्याच्या बायकोच्या हाताला दूध देते. पत्र घालू नकोस. जामनेरला ते आले तरी मी उघडणार नाही.

मुलींना आशीर्वाद. तुझ्यासाठी काय लिहावे ते दिवा विझेपर्यंत शोधत बसले. सापडले नाही, म्हणून इथेच थांबते.

वच्छला