दंड बंद झालाय, बाई

बाई, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आज दहा वाजता शाळेची माणसं घरी येणार आहेत, माझी पोरगी अकरा दिवस शाळेत का नाही ते विचारायला. काय सांगू त्यांना? आजारी नाही ती. मीच घरी ठेवलीय. तुम्ही जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तुम्हालाच लिहितेय, कारण असलं मी आधी एकदा केलंय ते तुम्हालाच माहीत.

सातवीत होते. पाणी भरून यायला उशीर व्हायचा आणि तुम्ही उशिराला दंड लावलेला. त्या दिवशी चिडून म्हणालात, "दंड आणल्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही." मी नाही ठेवला. घरी मागायची छाती नव्हती. महिन्याभराने तुम्ही आमच्या चुलीपाशी येऊन बसलायत, आई भाकरी थापतेय. "अगं बये, मी रागात बोलले, तू खरंच धरून बसलीस?" आई मान वर न करता म्हणते, "राहू द्या आता बाई, कामाला लागलीय ती." पुढे माझ्या लग्नात तुम्ही साडी दिलीत आणि कानात म्हणालात, "तुझ्यानंतर मी वर्गातला दंड बंद केला गं." मी पाया पडले. पण खरं सांगू, राग आलेला. माझ्यानंतर बंद केलात.

इथे शिकागोत मी डेव्हन नावाच्या रस्त्यावर एका दुकानाच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. पोरीचे बाबा ट्रकवर, आठ आठ दिवस नसतात. गेल्या वर्षी पोरीने शाळेत एकीला ढकललं तर पोलिसाने तिकीट दिलं, म्हणजे दंडाची पावती. माझ्या भावाने भरला. तो लांब दुसऱ्या राज्यात, बॉथेलला असतो, कॉम्प्युटरमध्ये. म्हणाला, "ताई, शाळेचं काहीही आलं की आधी मला फोन कर. अर्धवट ऐकून काही करू नकोस." यंदा परत भांडण झालं. मला शाळेच्या ऑफिसात बोलावलं. मी हात जोडून सॉरी सॉरी करतेय, आणि तिथली मॅडम हसून म्हणते, "यू आर फाईन, यू आर फाईन." दोनदा म्हणाली. मला वाटलं, फाईन म्हणजे दंड, एक पोरीला आणि एक मला. परत भावापुढे हात कसा पसरू? आणि दंड भरल्याशिवाय शाळेत पाय ठेवायचा नसतो, हे मला पक्कं ठाऊक. तुम्हीच शिकवलेलं. पोरीला सांगितलं, शाळेने सध्या येऊ नको म्हटलंय. शाळेचा फोन आला की वाजू दिला.

काल शाळेचं पत्र आलं. किचनमधल्या काकूंनी वाचलं. "अगं, दंड कुठला घेऊन बसलीस? शाळेत मुलांना दंड करायचा नाही असा कायदाच झालाय आता. हे पोरगी येत नाही म्हणून आहे." घरी येऊन पोरीला मॅडमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती आधी फिसकन हसली. "आई! दॅट मीन्स इट्स ओके! शी वॉज बीइंग नाइस!" मग म्हणाली, "सो आय कुड हॅव गॉन? रोज?" आणि रडायला लागली. मला जवळ घेऊ देईना.

इथेही बंद झालाय, बाई. मलाच कळलं नाही. काकू म्हणतात नुसती चौकशी असते, घाबरू नको. पण आईच पोरीला शाळेत जाऊ देत नाही असं त्यांनी लिहिलं तर? इथे सरकार आईबापाकडून मुलं घेऊन जातं म्हणे. अक्षर बघा कसं आलंय.

उठवते आता तिला. ती माणसं यायच्या आत मीच तिला घेऊन शाळेत जाते, जे येईल तेवढं इंग्लिश बोलते. हे तुम्हाला कुठे पाठवणार, टेबलावरच ठेवते. दुपारपर्यंत आम्ही दोघी परत आलो नाही, तर जो कोणी हे वाचेल त्याने माझ्या भावाला फोन करा. नंबर फ्रिजवर चिकटवलाय. मी केला नाही, लाज वाटली. त्याला सांगा, शाळेने नको म्हटलं नव्हतं. पोरीशी मी खोटं बोलले.