दहा यार्डांची साखळी

साल्तियो,
५ ऑक्टोबर १९६९

प्रिय फर्मीनदादास,

ओतिलियाचा नमस्कार, सोबत थोडा रागही. वि. वि.

तीन महिने तुझं पत्र नाही. टेक्सासात टपालाची तिकिटं मिळेनाशी झाली वाटतं. इकडे सर्व कुशल, असं लिहायची रीत आहे. पण बाबा कुशल नाहीत. छातीत पाणी झालंय. नाताळ बघतील असं डॉक्टरांना वाटत नाही. तरी रविवार उजाडला की खुर्ची मैदानावर न्यायला लावतात आणि तिथून सगळ्यांवर खेकसतात.

आपलं अमेरिकन फुटबॉलचं मैदान तू ओळखणार नाहीस. तुम्ही रेल्वेच्या रंगाने रंगवलेली शिरस्त्राणं घालून फिरायचात, तेव्हा लोक विचारायचे, आग कुठे लागलीय? आता गावात सहा संघ आहेत, त्यातला एक तर पोरींचा. मैदानाबाहेर गोर्दिता भाजून विकणाऱ्या बायकासुद्धा पंचाच्या चुका काढतात. बाबांनी रेल्वेच्या वर्कशॉपात बनवलेली मापाची साखळी मात्र अजून तीच. तू गेलास त्याच्या पुढच्या वर्षी मैदानाची नोंदणी करायला माँतेरेहून लीगचा माणूस आला होता. तो गेल्यावर बाबांनी चुन्याच्या रेघा आत ओढून घेतल्या. शेळ्यावाला चानो म्हणाला, म्हाताऱ्याचे पाय दमले, माझ्या शेळ्यांचं फावलं. बाबा हसलेसुद्धा नाहीत.

दादा, आठ वर्षं झाली रे. अंतिम सामन्यात चार डावांत चेंडू घेऊन दहा यार्ड जायचे होते, तू हातभर कमी पडलास. बाबांनी स्वतः साखळी ताणून मोजलं आणि साऱ्या गावासमोर म्हणाले, ज्याला हातभर जमीन घेता येत नाही त्याने माझं नाव पाठीवर लावू नये. चुकलंच त्यांचं. पण तूही त्याच संध्याकाळी गाडीत बसलास, तो बसलासच. ते तुझं नाव काढत नाहीत. रोज पोस्टमनच्या कुत्र्याची तब्येत तेवढी विचारतात. दोन ओळी त्यांच्या नावे लिही. माझ्यासाठी लिही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
ओती


ओडेसा, टेक्सास,
१९ ऑक्टोबर १९६९

चि. ओतीस,

दादाचे आशीर्वाद, मागचे तीन महिने धरून. वि. वि.

तू लिहितेस ते खरं आहे. पण माझंही ऐक. मी इथे एका शाळेच्या मैदानावर रेघा मारतो, हे तुला ठाऊक आहे. बाबांपासून पळालो आणि बाबांचंच काम पोटाला लागलं. परवा मुकादमाने नवी पोलादी टेप दिली. एका कडेला फूट, दुसऱ्या कडेला मीटर. दहा यार्ड म्हणजे तीस फूट. मी सहज पलीकडची कड बघितली. नऊ मीटर चौदा सेंटीमीटर.

ओती, बाबांची साखळी दहा मीटरची होती. वर्कशॉपातल्या मीटरपट्टीवर त्यांनी कड्या जोडल्या, तेव्हा दुसरं टोक मीच धरलं होतं. आपल्या गावात यार्ड कुणी पाहिला होता? दहा म्हटलं की दहा मीटर, संपलं.

म्हणजे मी पोचलो होतो. हातभर कमी नाही, हातभर पुढे. आठ वर्षं मी उगाच खाली मान घालून जेवलो. ती टेप हातात घेऊन मैदानाच्या मधोमध बसून रडलो, पोरं बघत राहिली.

मला त्यांना हरवायचं नाही. वाचून दाखवायचं की नाही, तू ठरव. त्यांनी एकदाच म्हणावं, फर्मीन, तू पोचला होतास. मग नोकरी गेली तरी मिळेल त्या गाडीने येतो.

बाबांना माझा नमस्कार सांग. आठ वर्षांत हा पहिलाच.

तुझा,
फर्मीन


साल्तियो,
३ नोव्हेंबर १९६९

प्रिय दादास,

काय लिहून सुरुवात करू, कळत नाही.

तार मिळाली असेल. एकोणतीसला सकाळी बाबा गेले. तुझं पत्र सत्तावीसला आलं होतं. मी ते वाचून दाखवलं नाही. दोन दिवस एप्रनच्या खिशात घेऊन फिरले. वाटलं, ज्या माणसाने गावाला हा खेळ शिकवला त्याला मरताना कसं सांगू, की तुमचं माप चुकलं, आणि त्यापायी मुलगा गेला? तुझा नमस्कारही त्यामुळे खिशातच राहिला. पोस्टमन आला होता का, असं त्यांनी पत्र आलं त्या दिवशी पहिल्यांदाच सरळ विचारलं. मी नाही म्हटलं. दादा, मी नाही म्हटलं रे.

काल मृतांचा दिवस. फोटोपुढे झेंडू मांडला, पुल्के दारूत मळलेला पाव ठेवला. त्यांचा पाना ठेवावा म्हणून हत्यारांची पेटी उघडली. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला साखळीचा तुकडा होता, करवतीने कापलेला. तारेने बांधलेल्या चिठ्ठीवर त्यांच्या अक्षरात लिहिलंय: "फर्मीनचं. १९६२."

मी मोजला. शहाऐंशी सेंटीमीटर.

लीगच्या माणसाने मैदान मोजलं, रेघा आत आल्या, त्याच दिवसापासून त्यांना माहीत होतं. सात वर्षं त्यांनी ते तुझ्यासाठी जपून ठेवलं, आणि सांगायला तोंड उघडलं नाही. त्यांनी माझ्यापासून लपवलं तेच मी त्यांच्यापासून लपवलं. एक वाक्य वाचलं असतं तर पुरलं असतं.

तुकडा फोटोपुढेच आहे. तो टपालाने पाठवणार नाही. स्वतः येऊन घे.

वाट बघते.

ओती