पहिला उकार

३ फेब्रुवारी, मंगळवार

नव्या घरात अकरावा दिवस. नवं कसलं डोंबलाचं! दोन खोल्या, गळका नळ आणि आधीच्या भाडेकरूने भिंतीत ठोकलेले सात खिळे. टांगायला माझ्याकडे एक वस्तू नाही.

ताईचा फोन. "काहीतरी लिहीत जा गं, मन मोकळं होईल." तिचं ऐकून ही वही आणली. बावीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांनी लिहिलेलं तपासतेय, स्वतःचं असं एक पान लिहिलं नाही. तर आता खरं खरं लिहायचं. सुरुवात त्याच्या गुन्ह्यांपासून!

घुम्या. एकोणीस वर्षं घुम्या! लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर अख्ख्या शहराला वर-खाली नेणार आणि घरी आला की स्वतः मधल्या मजल्यावर अडकलेला. काही विचारलं की "हं." भांडायला लागले की तोंडात गुळणी धरून बसायचा. एकटीने किती भांडायचं माणसाने?

मग एक दिवस पत्र ठेवून गेला. दीड पान. अकरा चुका! सगळ्यांना मी तेच सांगते — दीड पानात अकरा चुका, संसार कसा टिकणार? लोक हसतात. मीही हसते.

तिसरा गुन्हा म्हणजे पोरीला फितवलं. सतरा वर्षांची घोडी, कुणाकडे राहणार विचारलं तर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "बाबाकडे." चार महिने झाले. फोन नाही, मेसेज नाही. पोटची पोर!

४ फेब्रुवारी, बुधवार

कोर्टाचा कागद हातात आला. सुटले. माझ्या वडिलांच्या नावात चूक होती, हात आपोआप पर्सकडे गेला. वकीलबाई ओरडल्या, "अहो, लाल पेन कसलं काढताय! मूळ प्रत आहे ती!"

५ फेब्रुवारी, गुरुवार

सगळे विचारतात, दुसरी कोण होती? कुणी नव्हती. असती तर बरं झालं असतं. तिला शिव्या घातल्या असत्या आणि झोपले असते शांत. कुणाहीसाठी नाही, नुसताच मला सोडून गेला — हे कुणाला आणि कसं सांगू?

७ फेब्रुवारी, शनिवार

आज ऑफिसात डोकं फिरलं. एका म्हाताऱ्या मास्तरांचं पुस्तक आहे, बायकोच्या आठवणींचं. बायको चार इयत्ता शिकलेली, तिची पत्रं मध्ये मध्ये घातलीत. चुकांचा नुसता बाजार! तीन दिवस खपून मी एकूण एक वेलांटी, उकार सरळ केला. प्रूफं बघून मास्तर स्वतः आले. गृहस्थ माझ्या टेबलाशी बसले, माझंच पेन मागून घेतलं आणि प्रत्येक शब्दाखाली ठिपके देत सुटले. ठिपके म्हणजे आहे तसं राहू द्या, दुरुस्ती रद्द. त्रेपन्न शब्द!

मी म्हटलं, "अहो, छापल्यावर लोक हसतील."

"हसू देत की. ती असंच लिहायची, बाई."

संगणकावर बसणारे काका मिशीतल्या मिशीत हसत होते. नंतर मला म्हणतात, "ठिपके द्यायला तुमचा हात कधी वळला नाही बुवा. काढून टाकायची खूण मात्र काय सुरेख काढता!" आचरट माणूस.

पोरीलाही ती खूण फार आवडायची. सात वर्षांची असेल, माझ्या शेजारी बसून वर्तमानपत्रातले शब्द रंगीत पेन्सिलीने खोडायची आणि समासात ती खूण काढायची, वर गेलेली लांब शेपटी काढताना जीभ बाहेर. "आई, हा पण काढू?" काढ, म्हणायचे मी. काढ सगळे.

८ फेब्रुवारी, रविवार

शेवटचं खोकं उघडलं. पुस्तकांखाली त्याचं पत्र.

मला पाठ आहे असं वाटायचं. पण पाठ होत्या त्या चुका. मजकूर आज पहिल्यांदा वाचला. खरंच, पहिल्यांदा! त्या दिवशी टेबलावर कागद दिसला, पेन हातात होतंच, आणि मी उभ्या उभ्या तपासून टाकला. त्याचं निळं अक्षर, वर माझं लाल.

तिसऱ्या ओळीत त्याने लिहिलंय, "तू माझं कधी एकलं नाहीस." मी ‘ए’वर मात्रा देऊन त्याचं ‘ऐकलं’ केलंय आणि पुढच्या ओळीला गेलेय.

त्याच्याखाली: "मि बोललो कि तू शब्द बघतेस. म्हणून बोलायचं सोडलं." दोन चुका. दोन्ही दुरुस्त!

 मग चहा केला, तो उतू गेला.

९ फेब्रुवारी, सोमवार

पण त्याने तोंडाने सांगायला काय झालं होतं? माणसाने एकदा तरी ओरडायचं! भांडी आपटायची!

१० फेब्रुवारी, मंगळवार

सांगितलं होतं. त्याच्या साहेबांकडे जेवायला गेलो होतो तेव्हा, जिन्यात. "चारचौघांत माझे शब्द सुधारू नकोस गं." मी काय म्हटलं? "मग नीट बोल."

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

ताईचा फोन. पोर तिच्याशी बोलते, मावशी लाडाची. येत्या गुरुवारी तिची राहिलेली पुस्तकं न्यायला येणार आहे. "आई कामावर असेल तेव्हा येते, किल्ली शेजारी ठेवायला सांग," असा निरोप. आई नसताना! म्हणजे आता मी घरी नसणं ही सोय झाली.

वर ताईने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "अगं, तो म्हणे आता खूप बोलतो. पोरीला रोज लिफ्टमधल्या गमती सांगतो, दोघं हसून हसून मरतात." अंगाचा तिळपापड झाला. एकोणीस वर्षांत मला एक गंमत सांगितली नाही मेल्याने!

नाही. एक सांगायला घेतली होती. ‘लिफ्ट बंद पडला’ म्हणाला. मी म्हटलं, पडली. तिथेच संपली ती गंमत.

१८ फेब्रुवारी, बुधवार

उद्या ती येणार. तिची पुस्तकं पुसून दाराशी ठेवली. शेजारच्या आजींकडे किल्ली दिली.

खरं लिहायचं ठरलं होतं ना? मग हेही लिहून टाक, बये.

पोरीने मेसेज केला नाही, हे खोटं. केला होता. बाबाकडे गेली त्याच आठवड्यात, एकच ओळ: "आई मला तूझी खूप आठवण येते." मी तेव्हा प्रूफांच्या गठ्ठ्यात बुडालेली. फोनकडे पाहिलं आणि उत्तर टाकलं: "तुझी. पहिला उकार."

एवढंच. बाकी एक अक्षर नाही!

शप्पथ, मनात काही नव्हतं. आनंदच झाला होता. वाटलं, संध्याकाळी निवांत लिहू. संध्याकाळी लिहिलं नाही आणि मग तिचा पुन्हा मेसेजच आला नाही. चार महिने मी तिच्या बापाला शिव्या घालत बसले. ताईलासुद्धा हे सांगितलेलं नाही. लाज वाटते.

त्याने तरी मला एकोणीस वर्षं दिली. पोरीने सतरा दिली. दोघांनाही मी एकाच पेनाने घालवलं. असल्या बाईकडे मी स्वतः आले असते का राहायला? नाव काढलं नसतं.

पुस्तकं नेईल आणि संपलं. ती आता इथे येणार नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

येऊन गेली. पुस्तकं नेली.

ही वही सकाळी टेबलावर राहिली. राहिली की मीच ठेवली — मला सांगता येणार नाही.

कालच्या पानावर लाल शाई. शेवटच्या ओळीतला ‘नाही’ खोडलाय. समासात काढून टाकायची खूण, लांब शेपटीसकट. शेजारी तिच्या अक्षरात: "रवीवारी सकाळी."

रविवारी. पहिली वेलांटी.

पेन उचललं. तिच्या शब्दाखाली ठिपके दिले.