नानांचं कॉफीचं मशीन

जळगाव, एप्रिल १९९१

ती. सौ. नर्मदाअक्कास,

भटूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे लिहिण्यापुरता. कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) धुळ्याला ऊन काय म्हणतंय? पितांबरदाजींचा गुडघा आता बरा असेल. इकडे सगळे ठीक आहेत, मी मात्र थकलो आहे.

आई गेल्यापासून नानांनी बोलणंच टाकलं, हे तू संक्रांतीला पाहिलंसच. पाणी हवं तर माठाकडे बोट, जेवण नको तर ताट बाजूला. डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, त्यांचं मन रमेल असं बघा. तशात स्टेशनजवळच्या ज्या हॉटेलात नानांनी उभी हयात कॉफी केली, त्याची जुनी वखार मालकाच्या मुलाने रिकामी करायला काढली. नानांचं ते दांड्याचं इटालियन मशीन तिथेच धूळ खात होतं. त्याने ते फुकट दिलं. (फुकट का, ते उचलताना कळलं. कंबर तिथेच गेली.)

मला वाटलं होतं, मशीन बघून तरी नाना तोंड उघडतील. त्यांनी एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मग मीही हट्टाला पेटलो. मशीन स्वयंपाकाच्या ओट्यावर बसलं आणि तुझी भावजय मंदा स्टोव्ह घेऊन अंगणात गेली. आत गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, टाकीत आपल्या जळगावच्या पाण्याचा चुन्यासारखा थर. तो काढायला मंदाने लोणच्यासाठी आणलेली लिंबं मी संपवली. (यावर ती जे बोलली ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.) रबराचे वायसर कुठे मिळेनात, म्हणून शेतीच्या पंपाचे चामडी वायसर कापून बसवले. या मशीनचा दांडा खाली ओढला की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि मग दांडा सावकाश वर जात कॉफी उतरते. सावकाश जायला आत कॉफी आणि पाणी लागतं. मी कोरडाच ओढून बघितला. दांडा सुटला तो थेट हनुवटीवर. ऑफिसात आठवडाभर सगळे बायकोची चौकशी करत होते.

परवा रविवारी शेवटचं बघायचं म्हणून भुसावळहून कॉफीची पूड आणली. नाही जमलं तर भंगारात द्यायचं, असं मंदाला कबूल केलं होतं. वाफ धरली, शिट्टी वाजायला लागली, मी दांडा खाली ओढला. घामाने हात निसटायला लागला आणि मागून आवाज आला, "भटू, सोडू नको! धरी ठेव!"

अक्का, मी खरंच सोडला असता, इतका दचकलो. नाना दारात उभे होते. त्यांनी येऊन माझ्या हातावर हात ठेवला, दांडा धरला आणि म्हणाले, "बाजूले सरक. बठ्ठी वाफ वाया गई." (सगळी नव्हती गेली, थोडीच.) कॉफी उतरली, वर तांबूस फेस. पहिला कप त्यांनी मंदाला दिला. ती कॉफी पीत नाही, पण तिने सगळी संपवली आणि पदराने डोळे पुसले. (कडू होती, असं तिचं म्हणणं.) नाना बाजेवर टेकले आणि म्हणाले, "मंदा, आते माले चा कर."

घरात सर्वांना सप्रेम. दाजींना जपा.

तुझा,
भटू

ता. क. – खरं काम राहिलंच. परवापासून नाना गप्प बसलेले नाहीत. पहाटेपासून गल्लीतली माणसं ओट्याशी जमतात, नाना प्रत्येकाला कॉफी पाजतात, हॉटेलच्या हकिकती सांगतात आणि मला वायसरवरून बोल लावतात. उन्हाळाभर त्यांना धुळ्याला बोलावून घे. मी लिहिलंय म्हणून सांगू नकोस.

ता. क. २ – मंदाने पत्र वाचलं. नाना कुठेही जाणार नाहीत, म्हणते. पुन्हा घर मुकं झालं तर तिला सोसणार नाही. (मलाही.) वरचा ताजा कलम खोडला तर पत्र घाण दिसेल, तेव्हा तू तो वाचलाच नाहीस असं समज. तूच ये. ऐकायला माणसं कमी पडताहेत.